तापीत वल्हवण्याची शर्यत भरवताना : सुरक्षितता आणि नाव हाकण्याचे नियम

वल्हवणारा माणूस पाठमोरा बसतो. नाव जिकडे चालली तिकडे त्याची पाठ असते आणि डोळ्यांसमोर असतो तो मागे पडत जाणारा काठ. पुढे पुलाचा खांब आहे की कुणाची उलटलेली नाव, हे मान वळवल्याशिवाय त्याला दिसत नाही, आणि शर्यतीच्या भरात मान वळत नाही. त्यात आपली तापी आता मोकळी वाहणारी नदी उरलेली नाही. हतनूर, शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी धरणं आणि बॅरेज, म्हणजे नदीला आडवे घातलेले दरवाजांचे बंधारे, यांची रांग आहे आणि पाणी कधी, किती सोडायचं हे वरच्या अंगाला ठरतं. म्हणून खान्देशात शर्यत भरवणाऱ्यांना दोन कामं करावी लागतात : वल्हवणाऱ्याचे डोळे व्हायचं आणि पाण्याची खबर ठेवायची. खालचे जवळजवळ सगळे नियम या दोन कामांतूनच आले आहेत.

दिवस आणि वेळ

जून ते सप्टेंबर हा विषयच नको. हतनूरला 41 दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यातले काही उघडले की खालच्या नदीचं रूप काही तासांत बदलतं. परतीचा पाऊस ओसरून बॅरेजमध्ये पाणी अडवलं गेलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मार्चनंतर ऊन आणि आटतं पाणी, दोन्ही आडवी येतात.

शर्यती सकाळी 9 ते 12 या वेळेत उरका. त्याआधी पाण्यावर धुकं असू शकतं. काठावर 300 मीटरवर एक खांब रोवून ठेवा. तो स्पष्ट दिसत नसेल तर एकही नाव पाण्यात उतरवू नका. दुपारी वारा वाढण्याची भीती असते. तापी पूर्व-पश्चिम पसरलेली असल्याने वारा नदीच्या लांबीने वाहू लागला की त्याला अडवायला काही नसतं आणि लाटा मोठ्या होत जातात. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की शर्यत थांबवायची, त्यावर चर्चा नको. मेघगर्जना ऐकू आली तर सगळे पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण 30 मिनिटं कुणी परत उतरायचं नाही.

सारंगखेड्याच्या दत्त जयंतीच्या यात्रेला जोडून शर्यत ठेवली तर प्रेक्षक आयते मिळतात, असं अनेकांना वाटतं. ते टाळा. काठावरची गर्दी आवरण्यातच सगळी माणसं गुंततात आणि पाण्याकडे बघायला कुणी उरत नाही.

पाण्याची खबर

निदान तीन आठवडे आधी पाटबंधारे विभागाला, तहसीलदारांना आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी कळवा. पत्रात मार्गाचा नकाशा, तारीख, वेळ आणि आपल्या सुरक्षाप्रमुखाचा फोन द्या. हिवाळ्यातही पिण्याच्या पाण्याचं आवर्तन नदीत सोडलं जातं, तेव्हा “आता कशाला पाणी येतंय” असं गृहीत धरू नका. आदल्या संध्याकाळी आणि शर्यतीच्या पहाटे बॅरेजवरच्या कर्मचाऱ्यांशी स्वतः बोला.

तरीही काठावर आपली पट्टी हवीच. सरळ बांबूवर दर 5 सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा, तो उथळ पाण्यात घट्ट रोवा आणि दर अर्ध्या तासाला एका ठरलेल्या माणसाने वहीत आकडा लिहावा. अर्ध्या तासात 15 सेंटिमीटर चढ किंवा उतार दिसला तर शर्यत थांबवून बॅरेजला फोन करा. उतारही तितकाच वाईट. दरवाजा उघडल्याशिवाय पाणी इतक्या झपाट्याने उतरत नाही, आणि उघडलेला दरवाजा पाण्यावरच्या वस्तू आपल्याकडे ओढतो.

धारेचा वेग मोजायला नारळ पुरतो. काठावर 50 मीटर अंतरावर दोन काठ्या रोवा, वरच्या काठीपासून बरंच वर प्रवाहाच्या मध्यभागी सोललेला नारळ सोडा आणि दोन काठ्यांमधला वेळ घ्या. सोललेला नारळ बहुतेक पाण्याखाली राहतो, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. रिकामी बाटली मात्र वाऱ्याचाच वेग सांगते. तीनदा मोजून सरासरी काढा. 100 सेकंद लागले तर धार ताशी 1.8 किलोमीटर, म्हणजे चालेल. 70 सेकंदांपेक्षा कमी लागले तर नवख्यांच्या शर्यती रद्द कराव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. दमलेला नवखा ताशी 5-6 किलोमीटरच्या पुढे नाव ओढत नाही. त्यातला निम्मा जोर धारच खाऊन टाकते.

मार्ग आखणं

बॅरेजच्या वरच्या बाजूचा फुगवटा वल्हवायला उत्तम, कारण पाणी संथ आणि खोल असतं. पण बॅरेजच्या भिंतीपासून 500 मीटरच्या आत मार्गाचा कोणताही भाग येऊ देऊ नका. या हद्दीवर काठापासून काठापर्यंत दोर ताणून त्यावर दर 10 मीटरला तांबडा कॅन बांधा आणि तिथे एक मोटरबोट कायम उभी ठेवा. तिला दुसरं काम सांगायचं नाही. के.टी., म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या, बंधाऱ्याच्या खालचं पाणीही निषिद्ध. भिंतीवरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं आणि त्यात सापडलेला माणूस पट्टीचा पोहणारा असला तरी पुन्हा पुन्हा आत ओढला जातो.

शर्यत धारेच्या विरुद्ध, म्हणजे पूर्वेकडे ठेवा. शेवटची रेघ ओलांडल्यावर माणसं वल्ही सोडून निपचित बसतात. तो क्षण बॅरेजपासून सगळ्यात लांब यायला हवा. आंतरराष्ट्रीय शर्यतीची लांबी 2000 मीटर असते, पण गावपातळीवर 500 किंवा 1000 मीटर पुरे. आंतरराष्ट्रीय शर्यतीत प्रत्येक नावेची पट्टी 13.5 मीटर रुंद असते. आपल्याकडे सरळ हाकण्याचा सराव कमी असल्याने 20 मीटर ठेवा.

सुकाणू धरणाऱ्याच्या आणि मोटरबोट चालवणाऱ्याच्या तोंडावर सकाळचं ऊन येतं, कारण ते पूर्वेकडे पाहत असतात. त्यांना झापाची टोपी द्या. पंचांचा मंच दक्षिण काठावर, उत्तरेकडे तोंड करून उभारा. तिथे डोळे दिपत नाहीत.

मग तळ तपासा. मार्गावर दर 50 मीटरला, तिन्ही-चारी पट्ट्यांत, लांब बांबूने खोली घ्या. लांबट शर्यतीच्या नावांना किमान 2 मीटर पाणी हवं. तापीचा तळ फसवा आहे. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यातून एक पाऊल टाकलं की डोक्यावर पाणी येतं. म्हणूनच नाव उलटली तर “पाय टेकतायत, चालत येतो” हा विचार कुणी करू नये.

जाळ्यांसाठी दोन आठवडे आधी मच्छीमार संस्थेत आणि काठच्या भोई-कोळी मंडळींकडे जाऊन बसा. आदल्या रात्री त्या पट्ट्यात जाळं टाकू नका, एवढीच विनंती करायची. त्यांचा दिवस बुडत असेल तर भरपाई द्या. बुडालेलं झाड, जुन्या पुलाचा दगड, भोवरा कुठे आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून त्यांच्यातला एक जण मार्ग आखणाऱ्या नावेत हवाच.

सगळ्यात दुर्लक्षित धोका विजेचा आहे. काठाने शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, पाइप आणि वायर पाण्यात सोडलेल्या असतात, आणि जोड दिलेली वायर भिजली की आजूबाजूच्या पाण्यात वीज उतरते. वायरी बाजूला करून भागत नाही. महावितरणला अर्ज देऊन तेवढ्या वेळापुरता त्या फीडरचा पुरवठा बंद ठेवून घ्या आणि शेतकऱ्यांना आधी सांगा, म्हणजे पाण्याची पाळी त्यांना बदलून घेता येते.

शर्यतीच्या पहाटे एक नाव पूर्ण मार्गावर हळू फिरवा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात नदीत टाकलेले केळीचे खांब निम्मेअधिक बुडून तरंगतात, लांबून दिसत नाहीत आणि पातळ सालीची नाव फोडायला पुरेसे जड असतात.

खुणेचे तरंगते कॅन 20 लिटरचे, झाकण घट्ट लावून, रंगवून घ्या. खाली वाळू भरलेलं पोतं बांधा. दोर खोलीच्या दीडपट ठेवा. नेमका खोलीएवढा ठेवला तर पाणी थोडं चढताच कॅन बुडतो.

डावं-उजवं नको, सातपुडा धरा

समोरासमोर येणाऱ्या नावांनी आपापल्या उजव्या काठाने चालायचं, हा मूळ नियम. घोटाळा असा की पाठमोऱ्या वल्हवणाऱ्याच्या डाव्या हाताला नावेची उजवी बाजू असते, तर डोंगीत पुढे तोंड करून बसलेल्याला ती खरोखर उजवीकडे असते. एकाच सूचनेने दोघं विरुद्ध दिशांना जातात.

म्हणून सूचना अशा द्या : वर जाताना, म्हणजे पूर्वेकडे, दक्षिण काठाने. खाली परतताना सातपुड्याच्या बाजूच्या काठाने. सातपुडा कुठे आहे हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. सूचना मराठीत आणि अहिराणीतही लाऊडस्पीकरवरून तीनदा सांगा, आणि प्रत्येक नावेतल्या एकाला परत म्हणून दाखवायला लावा.

बाकी नियम :

1. मागून पुढे जाणाऱ्या नावेने अंतर राखायचं. आधी हाक द्यायची, मगच वळायचं.
2. पुलाच्या खांबांपासून अलीकडे-पलीकडे 50 मीटरमध्ये कुणाला मागे टाकायचं नाही आणि थांबायचंही नाही. कोणत्या गाळ्यातून वर आणि कोणत्यातून खाली, हे पुलाच्या कठड्यावरून झेंडे सोडून दाखवा.
3. सुकाणूवर कुणी नसलेल्या नावेत पुढच्या टोकाजवळ बसलेल्याने दर पाच वल्ह्यांना एकदा मागे वळून पाहायचं.
4. मोटरबोटी नावांजवळून जाताना लाट उठणार नाही इतक्या हळू. हतनूरच्या जलाशयावर हिवाळी पक्ष्यांचे थवे उतरतात. तिथे काठाची उथळ बाजू मोटरबोटींनी सोडून द्यावी.

थांबण्याची खूण एकच असावी : तांबडा झेंडा आडवा हलवणं आणि सोबत लांब भोंगा. नुसती शिट्टी वाऱ्याच्या विरुद्ध ऐकू जात नाही. खूण दिसताच वल्ह्यांची पाती पाण्यात खुपसून नाव रोखायची आणि मग वल्ही पाण्यावर आडवी टेकवून बसायचं. आडवी टेकलेली वल्ही नावेला दोन्ही बाजूंनी आधार देतात. ती वर उचलली की तोल जातो.

नाव आणि जॅकेट तपासणं

शर्यतीच्या नावेच्या टोकावर निदान 4 सेंटिमीटर व्यासाचा पांढरा रबरी गोळा घट्ट बसलेला हवा. तो नसेल तर टक्कर झाल्यावर ते टोक भाल्यासारखं शिरतं. पाय अडकवायला नावेतच बसवलेले बूट असतील तर टाचेला दोरी हवी, टाच 5 ते 7 सेंटिमीटरच वर येईल इतकी. टाच अडली की पाय आपोआप बुटातून निसटतो. दोरी नसलेल्या नावेत उलटल्यावर माणूस डोकं खाली, पाय वर असा अडकतो. गावच्या लाकडी नावेत मात्र पाणी कुठून झिरपतं ते पाहा आणि पाणी उपसायला डबा बांधून ठेवा.

लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. जुन्या जॅकेटच्या आतलं साहित्य पिचून पाणी पितं आणि बाहेरून काहीच कळत नाही. तपासायला दुकानातलं 5 किलोचं लोखंडी वजन जॅकेटला बांधून तासभर पाण्यात सोडा. बुडालं तर ते बाद. अंगात घातल्यावर खांद्याचे पट्टे वर ओढून पाहा. ते कानापर्यंत आले तर माप मोठं आहे, पाण्यात माणूस त्यातून खाली घसरेल.

प्रमुख पाहुण्यांची नदीत फेरी होत असेल तर त्यांनाही जॅकेट. पाहुण्यांनी घातलं नाही की मागची दहा मुलंही काढून ठेवतात.

मदत आणि मोजणी

दर 500 मीटरला एक मोटरबोट ठेवा, प्रत्येकीत दोन माणसं : एक चालवणारा, दुसरा फक्त बुडणाऱ्याला घेणारा. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला हवी. माणसाला वर घेताना इंजिन पूर्ण बंद करा. फेकायचा दोर 20 मीटर लांब आणि पॉलिप्रॉपिलीनचा असावा, कारण तो तरंगतो. नायलॉन बुडतो आणि पंख्यात गुंडाळतो. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक आहे, जिल्हा प्रशासनामार्फत त्यांच्याकडे मागणी करता येते.

तापीचा काठ उंच, घळींनी चिरलेला, आणि काळी माती ओली झाली की पाय ठरत नाही. खाली उतरता येईल अशा प्रत्येक जागेला मोठा आकडा लावा, पायवाटेवर वाळूची पोती टाका आणि “3 नंबरचा उतार” म्हटल्यावर रुग्णवाहिका नेमकी कुठे यायची हे आदल्या दिवशी चालकाला प्रत्यक्ष दाखवा. 108 वर विसंबून राहू नका. एक रुग्णवाहिका काठावर उभी हवीच.

नाव उलटली तर तिला सोडायचं नाही. छाती नावेवर चढवून, पाय मारत, एक हात वर करून थांबायचं. काठ जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही. पाण्यावरून अंतर नेहमी कमी वाटतं.

पाण्यातून बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग 30 वेळा छातीवर दाब आणि 2 श्वास, असं न थांबता सुरू ठेवा. त्याला उलटा टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं हे प्रकार कुणालाही करू देऊ नका. पोटातलं पाणी बाहेर येताना फुप्फुसात शिरतं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. थोडंसं पाणी गिळून खोकत असलेल्यालाही दवाखान्यात पाठवा, श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

मोजणीला कागद पुरत नाही. घाटावर एक फळी ठोका, तिच्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर क्रमांकाचा बिल्ला. पाण्यात उतरणाऱ्याने आपला बिल्ला गळ्यात घालायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने परत टांगायचा, दुसऱ्याचा नाही. शर्यत थांबवण्याचा अधिकार सुरक्षाप्रमुख या एकाच माणसाला असावा, आणि तो आयोजक समितीतला नसावा. बक्षिसं वाटायला माणसं घाटावर गोळा झाली तरी त्याने फळीशेजारीच थांबायचं. एक खिळा रिकामा असेतो मोटरबोटी काठाला लागणार नाहीत. सगळे बिल्ले आले की हद्दीचा दोर आणि कॅन त्याच संध्याकाळी काढा, कारण अंधार पडला की त्याच पाण्यात भोई मंडळी आपली नाव घेऊन उतरतात.