क्रूझवर कॅसिनो डीलर व्हायचंय? दिडकी पाठ करा आणि तोंड उघडायला शिका

आमच्या सिंधुदुर्गात कोणी बोटीवर आहे म्हटलं की लोक विचारतात इंजिनला का डेकवर, मग म्हणतात हॉटेलात का, आणि मी कॅसिनोत आहे सांगितलं की पुढचा प्रश्नच येत नाही, समोरचा माणूस गप चहा प्यायला लागतो. २०१५ मध्ये बी.कॉम. झाल्यावर घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "जुगाराच्या अड्ड्यार काम करतलंस? लोकांका काय सांगू मी?" तिने लोकांना "हॉटेलात आसा" असंच सांगितलं, अजून सांगते. तीन वर्षं गोव्यात काढली आणि २०१८ पासून क्रूझवर, मध्ये कोरोनाचा खंड. आता सुट्टीवर घरी आहे आणि ओळखीपाळखीतली मुलंमुली रोज तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

सुरुवात गोव्यातून का, तर जवळ दुसरीकडे शिकायला टेबलच नाहीत. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच केला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच, पण त्यांनी १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात जुगाराच्या मशीनला परवानगी दिली आणि १९९६ मध्ये जहाजावर पत्त्यांच्या टेबलांना, म्हणून पणजीला मांडवीत ती सगळी जहाजं उभी असतात. ती कुठे जात नाहीत, लाँचने जायचं आणि लाँचने यायचं, पण डीलरचे, म्हणजे टेबलवर खेळ चालवून पैसे देणाऱ्या-घेणाऱ्याचे हात तिथेच तयार होतात. कॅसिनोवाले स्वतःच फ्रेशर घेऊन शिकवतात, माझं ट्रेनिंग दोन-अडीच महिने चाललं आणि त्यातले पहिले पंधरा दिवस फक्त चिप्स (पैशांऐवजी टेबलवर लावतात त्या चकत्या) कापणे, म्हणजे वीसचा गठ्ठा हातात घेऊन न बघता पाच-पाचचे भाग पाडत जायचं. बोटांना घट्टे पडले माझ्या. सध्या तिकडेही चिंता आहे, ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, त्यामुळे माझ्यासोबतचे बरेच जण आता क्रूझकडे बघतायत.

आता गणित. डीलर म्हणजे नशिबाचा खेळ वगैरे काही नाही हो, डीलर म्हणजे पाढे. रुलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात, एका नंबरवर सरळ लावलेल्याला ३५ पट, दोन नंबरांच्या मधल्या रेषेवर असेल म्हणजे स्प्लिट तर १७ पट, चार नंबरांच्या कोपऱ्यावर तर ८ पट. समजा नंबर आला आणि त्यावर एक चिप सरळ, चारही बाजूला स्प्लिट, चारही कोपऱ्यांवर कॉर्नर, तर पस्तीस, सतरा चोक अडुसष्ट, आठ चोक बत्तीस, एकूण १३५. हे तोंडाने मोजायचं नसतं, चित्र बघून १३५ आठवलं पाहिजे, आणि समोर आठ माणसं बघत असतात आणि डोक्यावर कॅमेरा. माझ्या आजोबांनी लहानपणी मारून मारून पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे पाठ करून घेतले होते, तेव्हा वाटायचं कशाला हे, कॅल्क्युलेटर आहे की. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, की तीनास दोन देतात, दोन लावले तर तीन, म्हणजे सरळ दिडकी, पंधराचे साडेबावीस, पंचवीसचे साडेसदतीस. आणि ३५ पट म्हणजे औटकीच्या पुढे शून्य, सहा चिप्स असतील तर औट सक एकवीस, २१०. आमच्या बॅचमधल्या दिल्ली-मणिपूरच्या पोरांना मी शिकवली ही युक्ती, त्यांना औट म्हणजे साडेतीन हेच आधी पटेना.

यातच एक गंमत सांगते, बाहेरून कळत नाही ती. क्रूझवर कमी लिमिटच्या टेबलांवर आता बऱ्याच ठिकाणी ब्लॅकजॅकला तीनास दोन ऐवजी सहास पाच देतात. म्हणजे २५ डॉलरला साडेसदतीस मिळायचे तिथे तीसच. दिडकीवरून सव्वाच्याही खाली. खेळणाऱ्याला वाटतं साडेसातचा तर फरक, पण एवढ्याने घराचा, म्हणजे कॅसिनोचा फायदा सुमारे १.४ टक्क्याने वाढतो आणि ब्लॅकजॅकमध्ये तो मुळातच इतका कमी असतो की हे खूप झालं. रुलेटला एक शून्य असलं तर घराचा वाटा २.७ टक्के, दोन शून्य असली की ५.२६. चाक तेच, एक खण वाढला फक्त. नवीन डीलरने हे समजून घ्यायला पाहिजे कारण कॅसिनो तुमच्या हुशारीवर चालत नाही, या टक्क्यांवर चालतो, तुम्ही किती वेळ न चुकता आणि किती पटापट टेबल चालवता एवढंच तुमच्या हातात असतं.

मी पहिल्यांदा जहाजावर गेले तेव्हा कॅसिनो म्हणजे जेवणानंतर लोक गंमत म्हणून येतात अशी जागा असेल असं डोक्यात होतं, आणि जुने लोक सांगतात की पूर्वी तसंच होतं. आता तसं नाही. मी काम केलेल्या दोन्ही जहाजांवर थिएटरकडून जेवणाच्या हॉलकडे जाताना कॅसिनोतूनच वाट होती, ते काय उगीच नाही. मोठ्या कंपन्यांच्या कमाईत साधारण एक तृतीयांश वाटा तिकिटाचा नसून जहाजावर होणाऱ्या खर्चाचा असतो, रॉयल कॅरिबियनचा तीस टक्क्यांच्या आसपास, कार्निव्हलचा त्याहून थोडा जास्त, आणि त्यात दारू, सहली, वायफाय यांच्यासोबत कॅसिनो येतो. पण मोठा बदल वेगळाच आहे. गेस्टच्या रूमच्या कार्डावर खेळाचे पॉइंट जमतात, शेवटच्या रात्री त्याला पुढच्या क्रूझची ऑफर मिळते, केबिन फुकट नाहीतर स्वस्तात, आणि तो परत येतो. मग तो समुद्र बघायला येतच नाही, तो कॅसिनोला येतो आणि कॅसिनो तरंगतोय हा योगायोग. सहा महिन्यांच्या एका कॉन्ट्रॅक्टमध्ये तेच एक आजी-आजोबा माझ्यासमोर तीनदा आले, फ्लोरिडाचे, आजी स्लॉट मशीनवर आणि आजोबा माझ्या टेबलवर.

म्हणूनच आपली मुलं कुठे अडकतात ते सांगते. हात चांगले असतात आपले, गणितही चांगलं, टेबल टेस्टला पहिल्या फेरीत पास. पण टेबलवर उभं राहिलं की तोंड शिवल्यासारखं. गोव्यात चालून जातं, तिथे प्लेयर हिंदीत ओरडतो, तीन पत्ती आणि अंदर बाहर खेळतो, त्याला डीलर फास्ट पाहिजे, बोलका नसला तरी चालतो. क्रूझवर तो माणूस सात दिवस रोज तुमच्याकडे येणार असतो, त्याला तुम्ही नावाने हाक मारली पाहिजे, काल त्याने नातवाचा फोटो दाखवला होता तर आज विचारलं पाहिजे, आणि हे सगळं पत्ते वाटता वाटता, मोजता मोजता. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गेम चांगला, पण गेस्टशी बोलत नाही. खूप लागलं होतं मला. आपल्याकडे मोठ्या माणसासमोर कमी बोलणं म्हणजे संस्कार ना, तिकडे तेच उद्धटपणा वाटतो. मग मी एक वही केली, रात्री केबिनमध्ये लिहायचे कोण, कुठला, काय पितो, कशावर हसला. व्याकरण चुकतं, चुकू दे, त्यांना काही पडलेलं नसतं, तुम्ही म्हणता ते "हॅव यू ईटन" सुद्धा त्यांना गोड वाटतं.

कागदपत्रांचं आता, हे कंटाळवाणं आहे पण इथेच पैसे बुडतात. पासपोर्ट, मग इन्डॉस नंबर म्हणजे खलाशाचा ओळख क्रमांक, मग एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय खलाशी प्रशिक्षण नियमाचे बेसिक सेफ्टी कोर्स म्हणजे आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, प्रथमोपचार वगैरे, त्यासोबत सिक्युरिटीचा छोटा कोर्स, मग सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, डीजी शिपिंगने, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून मेडिकल, पोलिस क्लिअरन्स, आणि अमेरिकेहून सुटणारं जहाज असेल तर सी वन डी म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा व्हिसा. कॅसिनोवाल्याला आग विझवायला कशाला शिकवतात असं विचारू नका, आपत्तीत डीलर जिन्यावर उभा राहून गेस्टना वाट दाखवतो, माझी ड्यूटी तीच होती. एजंट निवडताना त्याच्याकडे आरपीएसएल म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स आहे का ते डीजी शिपिंगच्या साइटवर स्वतः बघा, फोटो पाठवला म्हणून विश्वास ठेवू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन्सवाल्या एजंटला नोकरी लावण्यासाठी तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. मला एकाने दीड लाख मागितले होते, "सीट बुक करायला", जणू काय कोकणकन्याचं रिझर्वेशन. वडील द्यायला तयार झाले होते, एका ओळखीच्या तारवट्याने (खलाशाने) अडवलं म्हणून वाचलो. कोर्सची, मेडिकलची, व्हिसाची फी कोण भरणार ते आधी लेखी विचारा, आणि कॅसिनो क्रूझ कंपनी स्वतः चालवते का बाहेरच्या कंपनीला दिलाय तेही विचारा, तुमचा पगार कोण देणार ते त्यावर ठरतं.

जहाजावरचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे जहाज बंदरात असताना बहुतेक ठिकाणी कॅसिनो बंद ठेवावा लागतो, किनाऱ्यापासून ठरलेलं अंतर गेल्याशिवाय टेबल उघडत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांचंही तसंच. हवाईच्या बेटांमध्येच फिरणारं प्राइड ऑफ अमेरिका जहाज आहे, त्यावर तर कॅसिनोच नाही, तिथे जुगारबंदी आहे. याचा अर्थ असा की वेटर आणि हाउसकीपिंगवाली पोरं घाम गाळत असताना कॅसिनोवाले बीचवर, त्यामुळे थोडी नजर पण लागते आपल्याला. दर वेळी नाही पण, काही जणांना आळीपाळीने जहाजावर थांबावंच लागतं आणि ड्रिल म्हणजे आपत्तीची कवायत असते ती वेगळी. आणि त्याची वसुली सी डेला, म्हणजे दिवसभर समुद्रात असताना होते, सकाळपासून रात्री दोन-तीनपर्यंत कॅसिनो उघडा, मधल्या ब्रेकसकट दहा-अकरा तास होतात. आंतरराष्ट्रीय नियमाने २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते, तुमच्या तासांची नोंद तुम्ही स्वतः तपासत जा. पगाराचा बेस कमी असतो, खरी कमाई टोक म्हणजे टिपची, ती बहुतेक ठिकाणी एकत्र करून वाटतात, त्यामुळे कुठलं जहाज आणि कुठला सीझन मिळाला यावर घरी काय जातं ते ठरतं.

धूर. हे कोणी सांगत नाही. बऱ्याच जहाजांवर कॅसिनोत सिगारेट चालते आणि तुम्ही हात टेबलावर ठेवून उभे, तोंड फिरवता येत नाही. दमा असेल तर या लाइनला येऊच नका, मी माझ्या मावसभावाला सरळ नाही म्हणाले. दुसरं, माणसं हरताना बघावी लागतात. एक बाई होत्या, नवरा झोपला की यायच्या, पाचव्या रात्री रडत रडत अजून चिप्स मागत होत्या, मी सुपरवायझरला खूण केली, तो त्यांच्याशी बोलला, कॉफी दिली, आणि अर्ध्या तासाने त्या स्लॉटवर दिसल्या. मला त्या रात्री झोप आली नाही. आपल्याला खेळायला जहाजावर बंदी असते ते एका अर्थी बरंच आहे, पण बंदरावरच्या कॅसिनोत जाऊन महिन्याची टिप घालवून आलेले डीलर मी पाहिलेत, टक्के पाठ असलेले.

२०२० च्या मार्चमध्ये मी जहाजावरच होते. १४ मार्चला अमेरिकेने क्रूझ बंद केल्या, गेस्ट उतरले आणि आम्ही राहिलो. कुक पाहिजे, इंजिनवाले पाहिजेत, पण रिकाम्या जहाजावर डीलरचं काय लोणचं घालायचं? खिडकीवाली केबिन दिली होती आयुष्यात पहिल्यांदा, आणि मी तिथे बसून पत्ते पिसत होते.

पत्ते जमत नसतील तर कॅशियरला बघा, बी.कॉम.वाल्यांना बरं पडतं. डिप्लोमा केलेल्यांनी स्लॉट टेक्निशियन बघा, मशीनची संख्या वाढतेच आहे आणि या कामाला माणसं कमी येतात. डीलरचा पुढचा रस्ता म्हणजे सुपरवायझर, मग पिट म्हणजे टेबलांच्या गटावर देखरेख, मग मॅनेजर, किंवा बोलायला आवडत असेल तर नेहमीच्या गेस्टची सरबराई करणारा कॅसिनो होस्ट, आत्ता सगळ्यात जास्त किंमत त्यालाच आहे.

चूक झाली तर काय हेही विचारतात. होते. माझ्या दुसऱ्या महिन्यात रुलेटवर दोन कॉर्नर मी स्प्लिट समजून मोजले, आठ ऐवजी सतरा, म्हणजे १८ चिप्स जास्त गेल्या, पाच डॉलरची एक, ९० डॉलर. कॅमेऱ्यावाल्यांचा वीस मिनिटांनी फोन आला तोवर गेस्ट जेवायला निघून गेलेला. कापले नाहीत पैसे, लेखी समज मिळाली. पण चूक कळल्यावर गुपचूप चिप्स उचलायला जाऊ नका, हात टेबलाबाहेर दाखवून सुपरवायझरला हाक मारा, चुकीला माफी असते, लपवण्याला तिथल्या तिथे घरचं तिकीट.

बुटांचं राहिलंच. काळे, लेसचे, आणि अर्धा नंबर मोठे घ्या कारण आठ तासांनी पाय सुजतात, दोन जोड घ्या, जहाजावरच्या दुकानात आपल्या मापाचे मिळत नाहीत, मी पहिल्या कॉन्ट्रॅक्टला सॅन हुआनला उतरून पूर्ण दिवस बूट शोधण्यात घालवला, किल्ला बघायचा राहिला तो राहिलाच.