हात मोठा आणि चाकू छोटा? घडीचा चाकू घेताना या चुका टाळा

माझे हात मोठे आहेत. अंगठा सोडून चार बोटं एकमेकांना चिकटवली आणि बोटं जिथे तळव्याला मिळतात तिथे पट्टी आडवी धरली तर ९८ मिमी भरतं. पण खिशात मला चाकू छोटाच लागतो, कारण मोठा असला की बसताना मांडीला टोचतो, खिसा खाली ओढला जातो आणि दोन दिवसांत तो ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो, मग ऐन वेळी दोरी कापायची असली की जवळ काहीच नाही. गेल्या काही वर्षांत मी बरेच छोटे चाकू घेतले आणि त्यातले निम्म्याहून जास्त देऊन टाकले. चाकू वाईट नव्हते हो, मी दरवेळी पातं बघून घेत होतो, मूठ बघून नाही, आणि मोठ्या हाताच्या माणसाचं सगळं गणित मुठीवरच असतं.

पहिली चूक म्हणजे मिटलेल्या चाकूची लांबी बघून ठरवणं

सगळीकडे मिटलेली लांबी आणि पात्याची लांबी हे दोनच आकडे ठळक दिलेले असतात, त्यामुळे आपणही तेच बघतो. पण एक उदाहरण घ्या. व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट मिटलेला ८४ मिमी आहे आणि स्पायडर्कोचा ड्रॅगनफ्लाय मिटलेला साधारण ८५ मिमी. कागदावर दोन्ही सारखेच, पण हातात घेतल्यावर जमीन-अस्मानाचा फरक. कॅडेटवर माझी तीन बोटं बसतात आणि करंगळी हवेत राहते, ड्रॅगनफ्लायवर चारही बोटं बसतात. हे कसं, तर ड्रॅगनफ्लायच्या पात्याच्या मुळाशी, धार सुरू व्हायच्या आधी, एक अर्धगोल खाच आहे, तिला चॉइल म्हणतात, आणि ती थोडी मुठीत थोडी पात्यात अशी केलेली आहे. तर्जनी पुढे सरकून त्या खाचेत बसते आणि मागची अख्खी मूठ बाकीच्या तीन बोटांना मिळते. म्हणजे एका बोटाची जागा पात्यातून मिळाली आणि खिशात चाकू तेवढाच राहिला. पातं मात्र जेमतेम ५८ मिमी, तेवढी किंमत मोजावी लागते, पण रोजच्या कामात, पार्सल उघडणं, दोरी कापणं, पेन्सिलला टोक करणं, यात मला ते कधी कमी पडलेलं नाही.

इथे एक फार महत्त्वाची गोष्ट सांगतो. पात्याच्या मुळाशी खाच दिसली म्हणजे ती बोटासाठीच आहे असं समजू नका. बऱ्याच पात्यांवर एक बारीकशी खाच असते ती धार लावताना दगड शेवटपर्यंत जावा म्हणून असते, तिच्यात जेमतेम आगपेटीची काडी मावेल, आणि तिथे मोठं बोट टेकवलं तर ते थेट धारेवरच जातं. खाच रुंद आहे का, तिच्या कडा गोल केलेल्या आहेत का, आणि आपलं बोट, दुसऱ्याचं नाही, तिच्यात बसल्यावर धारेपासून लांब राहतं का, हे तिन्ही बघायचं.

हात न मोजता घेणं

"माझा हात मोठा आहे" एवढ्यावर काही कळत नाही. वर सांगितलं तशी चार बोटांची रुंदी मोजा आणि मग मुठीवर बोटांना खरोखर मिळणारी जागा किती ते बघा, म्हणजे पुढे जिथे तर्जनी अडते तिथपासून मुठीच्या शेपटापर्यंत. चॉइल नसेल तर ही जागा मिटलेल्या लांबीपेक्षा कमी असते, कारण पुढचा काही भाग बिजागराच्या स्क्रूमध्ये आणि पुढच्या उतारात जातो.

जागा कमी पडली तर चाकू बादच का? नाही. साडेतीन बोटांची पकड चालते, करंगळी शेपटाच्या मागे वळवून घेतली की झालं, फक्त ते शेपूट गोल पाहिजे. घर बदलताना मी एका दिवसात तीसेक खोकी एका छोट्या चाकूने फाडली होती, त्याची मूठ तळव्याच्या बरोबर मध्यावर संपत होती आणि शेपटाला चौकोनी कोपरा होता. प्रत्येक वेळी जोर लावला की तो कोपरा त्याच जागी रुतायचा, संध्याकाळी तिथे रुपयाएवढा फोड आलेला. त्या दिवसापासून मी आधी शेपटावर अंगठा फिरवून बघतो, पात्याकडे नंतर.

ऑनलाइन घेत असाल आणि हातात घेऊन बघता येत नसेल तर हा उपाय करा, मला याने खूप वाचवलंय. चाकूचा बाजूने काढलेला फोटो दिलेल्या लांबीएवढा मोठा करून प्रिंट करा, पट्टीने मोजून खात्री करा, मग तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, आणि मुठीच्या जाडीएवढे थर होईपर्यंत पुठ्ठे एकावर एक चिकटवा. वीस मिनिटांचं काम आहे. तो पुठ्ठ्याचा चाकू हातात घट्ट धरा आणि खोटं खोटं कापून बघा. करंगळी कुठे जाते, शेपूट तळव्यात कुठे टेकतं, अंगठा पाठीवर नीट येतो का, सगळं लगेच कळतं, जे फोटोत कितीही झूम करून कळत नाही.

फक्त लांबी बघणं, जाडी विसरणं

छोटा चाकू म्हणजे पातळ चाकू असा आजकाल जो प्रकार चाललाय तो मोठ्या हाताला अजिबात मानवत नाही. पातळ मूठ खिशात छान बसते, पण मोठी बोटं तिच्याभोवती गुंडाळली की टोकं तळव्यातच जाऊन रुततात, पकड भरतच नाही, आणि जोर लावला की मूठ हातात फिरते. मला साधारण १२ ते १५ मिमी जाडी आणि मध्ये थोडा फुगवटा असलेली मूठ सगळ्यात बरी वाटते. उलट टोकाला जाऊन अवजारांची गर्दी असलेला चाकूही घेऊ नका, व्हिक्टोरिनॉक्सचा स्विसचॅम्प ३३ मिमी जाड आहे, अवजारपेटी म्हणून उत्तम, पण चाकू म्हणून धरला तर वीट धरल्यासारखं होतं.

याच बाबतीत ओपिनेलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० साली हा चाकू केला, साधी गोल लाकडी मूठ, मध्ये जाड आणि शेवटी माशाच्या शेपटीसारखी वळलेली. बोटांसाठी एकही खोबण नाही, म्हणूनच ती कुठल्याही हाताला बसते. नंबरावरून साइज कळतो, ६ नंबरचं पातं ७ सेंमी, ८ नंबरचं ८.५ सेंमी. मोठ्या हाताला ८ नंबर एकदम आरामात बसतो, मिटल्यावर साधारण ११ सेंमी असला तरी वजनाला इतका हलका की खिशात जाणवत नाही. ६ नंबरही माझ्या हातात चालतो, कारण मूठ आखूड असली तरी गोल आहे.

आणि खोबणींचा विषय निघालाच आहे तर, बोटांसाठी आधीच लाटा कोरलेल्या मुठी छोट्या चाकूत घेऊ नका. त्या लाटा मधल्या साइजच्या बोटांच्या मापाने केलेल्या असतात, मोठं बोट खोबणीत न बसता दोन खोबणींमधल्या उंचवट्यावर बसतं, आणि दहा मिनिटांत दुखायला लागतं.

खिशाला अडकवायची क्लिपसुद्धा बघा. छोट्या मुठीवर क्लिप अर्धी जागा खाते आणि नेमकी बोटांच्या पेरांखाली येते. स्क्रूने लावलेली असेल तर काढून टाकता येते, रिव्हेटने ठोकलेली असेल तर ती कायमची.

उघडताना अंगठा कुठे मावणार याचा विचार न करणं

जुन्या पद्धतीच्या चाकूत पात्यावर नखाची खाच असते. मोठ्या बोटांचं नख रुंद असतं, खाच छोटी, स्प्रिंग कडक, मग नख तरी तुटतं नाहीतर पातं अर्धं उघडून हातातून सटकतं. घेतानाच बघा, खाचेशिवाय पात्याचा थोडा भाग मुठीबाहेर दिसतो का, म्हणजे चिमटीत धरून उघडता येतं.

एका हाताने उघडायचं असेल तर गोल भोक मला सगळ्यात सोपं वाटतं, स्पायडर्कोने १९८१ साली ते पात्यात आणलं आणि मोठ्या अंगठ्याचं मांस त्या भोकात थोडं आत दबतं म्हणून पकड मिळते. काही चाकूंच्या पात्याला भोकाऐवजी अंगठ्याने ढकलायची खुंटी असते, छोट्या चाकूवर ती मात्र मुठीला अगदी चिकटून असते, जाड अंगठा तिच्यावर बसायच्या ऐवजी मुठीवरच टेकतो.

आता एक तक्रार जी मोठ्या हाताची माणसं फार करतात: "चाकू उघडतच नाही, खराब आहे." लॉक म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी सोय, त्यातल्या फ्रेम लॉक प्रकारचा छोटा चाकू असेल तर आधी बोटं बघा. त्यात मुठीची एक बाजूच कापून लॉकची पट्टी केलेली असते, आणि मोठ्या हातात मागची बोटं नेमकी त्या पट्टीवर दाबून बसतात. पट्टीवर एक बारीक गोळी असते जी मिटलेलं पातं धरून ठेवते, तुम्ही पट्टी दाबली की ती गोळी पात्यावर आणखी दाबली जाते, मग पातं हलणार कसं. बोटं मुठीच्या कडेवर घ्या आणि परत उघडा, बहुतेक वेळा चाकू एकदम नीट उघडतो.

लॉककडे दुर्लक्ष

इथे मात्र जरा थांबून वाचा, कारण इथे चूक झाली तर बोट कापतं.

लॉक नसलेल्या चाकूत पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. त्याने टोक खुपसायचं काम करायचं नाही आणि पात्याच्या पाठीवर जोर द्यायचा नाही. मोठ्या हाताचा जोरही मोठा असतो आणि छोट्या चाकूची स्प्रिंग तेवढ्यासाठी केलेली नसते.

बॅक लॉकमध्ये सोडायचा दांडा मुठीच्या पाठीवर असतो. मोठ्या हाताने छोटी मूठ आवळली की अंगठ्याच्या मुळाचं मांस त्या दांड्यावर येऊ शकतं. माझ्या बाबतीत असं एकदा झालं, जाड प्लॅस्टिकची पट्टी कापताना मूठ आवळली आणि लॉक ढिलं पडून पातं मागे आलं, नशिबाने आधी चॉइलचा बोथट भाग बोटावर आपटला म्हणून नुसता वळ उठला. यावर उपाय म्हणून काही चाकूंच्या दांड्यावर मध्ये थोडा खोलगट भाग दिलेला असतो, डेव्हिड बॉय या चाकू करणाऱ्याच्या नावावरून त्याला बॉय डेंट म्हणतात. घेताना असा खोलगटपणा आहे का बघा, आणि विकत घ्यायच्या आधी, पातं कशालाही न लावता आणि बोटं धारेच्या वाटेतून बाजूला ठेवून, मूठ जोरात आवळून दांडा दबतो का ते तपासा.

लायनर लॉक मिटवताना अंगठा मुठीच्या आत घालून पट्टी बाजूला करावी लागते, म्हणजे अंगठा पात्याच्या वाटेतच येतो. छोट्या मुठीत जाड अंगठा अडकतो, घाईत काढता येत नाही. पट्टीपर्यंत पोचायला समोरच्या बाजूला मोठी खाच कापलेली असेल तरच घ्या. ओपिनेलची १९५५ पासूनची फिरणारी लोखंडी रिंग किंवा बाजूने मागे ओढायचं बटण मोठ्या बोटांना जास्त सोपं जातं, कारण मिटवताना एकही बोट पात्याच्या वाटेत येत नाही.

घेऊन झालाय आणि आता त्रास होतोय?

लगेच टाकून देऊ नका. करंगळीला जागा नसेल आणि शेपटाला भोक असेल तर जाड पॅराकॉर्डची, म्हणजे नायलॉनच्या मजबूत दोरीची, दोन-तीन गाठींची शेपटी बांधा, साधारण ४ सेंमी. करंगळी आणि थोडा तळवा त्या गाठींवर येतो, पकड एकदम भरते आणि खिशातून काढायलाही तीच शेपटी कामाला येते. गाठ घट्ट ओढा, सैल शेपटी हातात फिरते.

कोपरा रुतत असेल तर लाकूड किंवा प्लॅस्टिकच्या मुठीवर ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर हळूहळू फिरवा. आधी पातं मिटवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, आणि धूळ नाकात जाऊ नये म्हणून पेपर ओला करूनच वापरा, लाकडाची मूठ असेल तर मात्र कोरडाच वापरा आणि मास्क लावा.

पातं जड उघडतंय तर आधी खिशातला कापूस बघा, बिजागराच्या फटीत तो गच्च भरलेला असतो. कोमट पाण्यात जुन्या ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा, आणि मिनरल ऑइलचा एकच थेंब बिजागरावर. लाकडी मूठ असेल तर पाण्यात बुडवू नका, लाकूड फुगून पातं आत आवळलं जातं. तसं झालंच तर जबरदस्ती न करता दोन-तीन दिवस हवेशीर जागी वाळू द्या, किंवा ओपिनेल असेल तर रिंग मोकळी करून मुठीचं शेपूट टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पातं थोडं बाहेर येतं.

पातं डावी-उजवीकडे डुलत असेल तर बिजागराचा स्क्रू थोडासाच, वर्तुळाचा आठवा भाग एवढाच, आवळून परत तपासा. एकदम आवळला तर पातं जाम होतं आणि आपण परत सैल करतो, हा खेळ चालू राहतो. आठवड्याभरात तो परत सैल झाला तर स्क्रू काढून आटे पुसा आणि निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा, लाल नको, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही. लावल्यावर चाकू उघडा ठेवून एक दिवस तसाच राहू द्या, मगच खिशात टाका.