एलिना गरांचा यांच्या आवाजाची जडणघडण कशी ऐकावी

लाटव्हियाच्या मेझो-सोप्रानो (म्हणजे सोप्रानो या सर्वांत उंच स्त्री-आवाजाच्या खालचा आवाज असलेल्या गायिका) एलिना गरांचा यांची ओळख बहुतेकांना बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेरामधून होते आणि तिथेच थांबते. हा आवाज कसा घडला हे समजून घ्यायचे असेल, तर त्यांच्या भूमिका वर्षांच्या क्रमाने ऐकाव्यात आणि ‘कार्मेन’ शेवटासाठी राखून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी लक्षात घ्यावी. गरांचा यांचा जन्म १६ सप्टेंबर १९७६ रोजी रीगा येथे झाला. वडील वृंदगानाचे संचालक, तर आई गायिका आणि गायनशिक्षिका होत्या. रीगामध्ये १८७३ पासून वृंदगानाचे महोत्सव भरत आले आहेत. अशा ठिकाणी, अशा घरात वाढलेल्या गायिकेचा सूर स्थिर असावा आणि सोबतच्या आवाजाकडे तिचा कान असावा, हे मला स्वाभाविक वाटते. १९९६ मध्ये त्यांनी लाटव्हियाच्या संगीत अकादमीत प्रवेश घेतला, पुढे व्हिएन्ना आणि अमेरिकेतही शिक्षण घेतले. १९९९ मध्ये त्यांनी हेलसिंकीची मिर्याम हेलिन स्पर्धा जिंकली. याच सुमारास त्या जर्मनीतील माइनिंगेनच्या आणि नंतर फ्रांकफुर्टच्या नाट्यगृहात रुजू झाल्या. जर्मन नाट्यगृहांत गायक पगारी असतात आणि त्यांना लहानमोठ्या अनेक भूमिका कराव्या लागतात. तरुण आवाजाला याहून चांगली तालीम क्वचितच मिळते.

प्रत्यक्ष ऐकण्याची सुरुवात २००३ च्या साल्झबर्ग महोत्सवातील, निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी संचालन केलेल्या मोझार्टच्या ‘ला क्लेमेंत्सा दि तितो’ या ऑपेराच्या चित्रफितीपासून करावी. त्यात गरांचा अन्नियो या तरुणाच्या वेशात आहेत. पहिल्या अंकातील अन्नियो आणि सर्व्हिलिया यांचे छोटेसे युगलगीत दोनदा ऐकावे. पहिल्यांदा फक्त गरांचा यांच्या श्वासाकडे लक्ष द्यावे आणि दुसऱ्यांदा सर्व्हिलिया गाणाऱ्या बार्बरा बॉनी यांच्या सोप्रानोशी त्यांचा सूर कसा मिळतो ते पाहावे. वृंदगानाच्या घरातले संस्कार मला येथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतात.

त्यानंतर २००५ मधील व्हिएन्नाच्या, मास्नेच्या ‘वेर्थर’ या ऑपेराकडे वळावे; त्यात गरांचा शार्लोट या नायिकेच्या भूमिकेत आहेत. तिसऱ्या अंकात शार्लोट जुनी पत्रे वाचते, त्या प्रसंगासाठी पुरेसा वेळ काढावा आणि शब्दांचा अर्थ आधी वाचून ठेवावा, कारण येथे सुरावटीपेक्षा वाक्याचा भार मोठा आहे. प्रत्येक पत्रागणिक शार्लोटची मनःस्थिती बदलते आणि गायिकेला ती केवळ आवाजाच्या रंगातून दाखवावी लागते.

१२ जानेवारी २००८ रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पदार्पण केले, ते रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’मधील रोझिनाच्या भूमिकेत. रोझिनाची प्रसिद्ध आरिया (एकल गीत) मुळात खालच्या आवाजासाठी ई मेजर या स्वरपट्टीत रचलेली आहे, पण अनेक सोप्रानो ती अर्ध्या स्वराने वरच्या एफ मेजरमध्ये गातात. एखाद्या सोप्रानोचे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐकल्यास, मधल्या सप्तकातला मेझोचा भरीवपणा शब्दांत सांगावा लागत नाही.

आता ‘कार्मेन’. मेट्रोपॉलिटनमधील नव्या निर्मितीत, ३१ डिसेंबर २००९ रोजी, त्या कार्मेनच्या भूमिकेत टेनर (उंच पुरुष-आवाजाचे गायक) रोबेर्तो अलान्या यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्या निर्मितीची चित्रफीत पाहताना हाबानेरावर, म्हणजे कार्मेनच्या पहिल्या अंकातील प्रसिद्ध गाण्यावर, खिळून राहू नये. तिसऱ्या अंकातील पत्त्यांचा प्रसंग निवडावा. कार्मेनला पत्त्यांत स्वतःचा मृत्यू दिसतो आणि गाणे खालच्या स्वरांत उतरते. तेथे आवाज ओढून जड केला आहे की सहज खाली गेला आहे, हे अन्नियोपासून ऐकत आलेल्या कानाला ओळखता येते. एबोली (वेर्दीचा ‘डॉन कार्लोस’) आणि कुंड्री (वाग्नरचा ‘पार्सिफाल’) या पुढच्या काळातील जड भूमिका त्यानंतरच घ्याव्यात.