नॉरईस्टर धडकण्याआधीच्या दीड दिवसात घराची तयारी

नॉरईस्टर, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ईशान्येच्या वाऱ्यांसह येणारं मोठं वादळ, येणार म्हटलं की न्यू जर्सी, लाँग आयलंड किंवा बोस्टनच्या किनारपट्टीवर राहणारे आपण बर्फ किती इंच पडणार एवढंच विचारत बसतो. भरतीचं पाणी, गेलेली वीज आणि घरात कोंडलेला विषारी वायू यांचा धोका त्याहून मोठा असतो.

आधी भरती. वारा ईशान्येकडून समुद्राचं पाणी किनाऱ्यावर लोटत राहतो. वादळ रेंगाळलं की ओहोटीलाही खाडीतलं पाणी पुरतं उतरत नाही, त्यामुळे पुढची भरती जास्त चढू शकते. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं असतात. नोआच्या (अमेरिकेच्या सरकारी समुद्र व हवामान संस्थेच्या) भरतीच्या तक्त्यातून आपल्या भागातल्या वेळा लिहून ठेवा आणि सखल रस्त्यावरची गाडी त्याआधीच उंचावर न्या. ई-बाइकची बॅटरी बेसमेंटमध्ये नको. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी नंतर पेट घेऊ शकते.

सम्प पंप म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप. त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) वर येऊन पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. पंप नुसताच घरघरत असेल आणि पाणी जात नसेल, तर बाहेरच्या नळीचं तोंड गोठलंय का बघा. बॅटरीचा बॅकअप नसेल तर वीज जाताच पंपही बंद पडणार, म्हणून बेसमेंटच्या जमिनीवरची खोकी आत्ताच वर उचला.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते फर्नेसच्या, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीच्या, धुराकडे. हाय-एफिशियन्सी (कमी इंधनात जास्त उष्णता देणाऱ्या) फर्नेसच्या पांढऱ्या पीव्हीसी नळ्या बाहेरच्या भिंतीतून निघतात, बऱ्याचदा जमिनीपासून फूट-दीड फुटावरच. वाऱ्याने तिथे बर्फाचा ढीग लागला की फर्नेस बंद पडते किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. या वायूला वास नसतो. नळ्यांच्या शेजारी आजच एक उंच काठी रोवा, म्हणजे बर्फाखाली जागा सापडेल. वादळ चालू असताना दर दोन-तीन तासांनी, बाहेर पडणं सुरक्षित असेल तेव्हा, तिथला बर्फ हाताने काढा. फावड्याने नळी फुटते. कार्बन मोनॉक्साइड अलार्मच्या बॅटऱ्या बदला. अलार्म वाजला तर खिडक्या उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि 911 लावा.

जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब. दार उघडं ठेवलं तरी गॅरेजमध्ये नाहीच. ऊब मिळावी म्हणून ओव्हन किंवा कोळशाची शेगडी घरात पेटवू नका.

माणशी रोज एक गॅलन याप्रमाणे तीन दिवसांचं पाणी भरा. इंडक्शनवर स्वयंपाक होत असेल तर पोळ्या आणि सुक्या भाज्या आदल्या दिवशीच करा. दार न उघडल्यास फ्रिज 4 तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर 48 तास.

वादळ सरल्यावर वारा वायव्येकडे फिरतो आणि पारा घसरतो. पाइप फुटतात ते बहुतेक याच वेळी. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. किनाऱ्यावरचा ओला बर्फ फार जड असतो: फावडं अर्धंच भरा, आणि छातीत दुखलं तर काम तिथेच थांबवून 911 लावा.