गोणी उघडण्याआधी आभाळ बघा

सातपुड्यावर तासभर पाऊस कोसळला की सुकी, अनेर या नद्या गढूळ होऊन फुगतात. त्या गढूळ पाण्यात आपल्याच वावराची माती असते आणि परवा कापसाला फोकून दिलेला युरियाही. ४५ किलोच्या गोणीत नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे जेमतेम २१ किलो. आणि ते पाण्यात लगेच विरघळतं. जामनेरकडचं पाणी वाघूर नदीला मिळतं, अन् वाघूर धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. डोहात साचलेल्या खतावर शेवाळ माजतं, ते सडलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे उलटे होतात.

पुढच्या दोन दिवसांत जोराचा पाऊस सांगितला असेल तर खत थांबवा. अंदाज मेघदूत ॲपवर मिळतो. कोरडवाहू कापसाला नत्र हप्त्यांनीच द्या: पेरणीच्या वेळी, मग तिसाव्या आणि साठाव्या दिवसाच्या आसपास. वाफसा आला, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून जमिनीत बेताची ओल राहिली, की झाडापासून चार-सहा बोटं लांब टाकून लगेच मातीआड करा.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) वेगळं आहे. ते मातीला चिकटतं, म्हणून माती अडली की तेही अडतं. कोळपणी (ओळींमधलं तण काढायची मशागत) उताराला आडवीच करा. शेवटच्या पाळीला कोळप्याला दोरी गुंडाळली की ओळींमध्ये सरी पडते, पाणी तिथंच मुरतं. वेगळा खर्च नाही. नाल्याकाठी दहा फूट पट्टा न नांगरता मारवेल किंवा खस गवत लावा. दोन तासं (पिकाच्या ओळी) जास्त मिळतात म्हणून काठापर्यंत नांगर घालणारे आपल्याकडे बरेच. ती दोन तासं पुढच्या पुरात नालाच नेतो!

फवारणीचा पंप नाल्यात किंवा विहिरीच्या थारोळ्यात धुऊ नका. औषधाची बाटली रिकामी झाली की पाव भाग पाणी घालून हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा करा. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे घरात कुणी तेल भरून ठेवणार नाही.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना एक वेगळं सांगणं आहे. कापणीनंतरचे खांब नाल्यात लोटले की मोरीत अडकतात, सडतात, आणि पूर शेजाऱ्याच्या बागेत शिरतो. निरोगी खांबांचे तुकडे करून ओळींमध्ये पसरा, ओल टिकते. हरण्या हा विषाणूचा रोग आलेली झाडं मात्र मुळासकट उपटून बागेबाहेर खड्ड्यात पुरा. घडांवरच्या प्लास्टिक पिशव्या आणि दोऱ्या आधी वेगळ्या गोळा करा, एकदा वारा सुटला की त्या सगळ्या नाल्याच्या बाभळींवर लटकलेल्या दिसतात.