जुनी इंद्रजाल कॉमिक्स जपताना आणि शोधताना या चुका टाळा

इंद्रजालच्या वेताळाच्या (म्हणजे फॅन्टमच्या) एका अंकात मधल्या पानावर एक तपकिरी पट्टा आहे. सहावीत असताना पान फाटलं म्हणून मी तिथे सेलोटेप लावली होती. टेपचं प्लास्टिक कधीच सुकून गळून पडलं, पण तिचा चिकट थर कागदात मुरला आणि त्या पट्ट्याखाली वेताळाच्या मैत्रिणीचा, डायनाचा, चेहरा गेला. मी पान फाटकंच ठेवलं असतं तर चेहरा वाचला असता.

गेली बरीच वर्षं मी मराठी इंद्रजाल कॉमिक्स गोळा करतोय. स्वतःचे आणि दुसऱ्यांचे अंक हाताळून एक गोष्ट पक्की कळली आहे. जे अंक आजवर टिकले आणि मग खराब झाले, त्यातले निम्मेअधिक कुणीतरी जीव लावून, घाईघाईने केलेल्या उपायांनी खराब झाले आहेत. म्हणून हे लिहितोय.

मुळात हा कागद टिकण्यासाठी नव्हताच. टाइम्स ऑफ इंडिया काढणाऱ्या बेनेट कोलमनने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. पहिले ३२ अंक वेताळाचे होते, मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले, आणि डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा आपल्या मातीतला बहादूर आला. १९९० मध्ये हे सगळं थांबलं. आतली पानं साध्या न्यूजप्रिंटची. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. उजेड, उष्णता आणि दमट हवा लागली की कागद पिवळा पडतो, आम्लधर्मी होतो आणि घडीवर तुटायला लागतो. तुम्ही काय केलं तर हे लवकर होईल आणि काय केलं तर उशिरा, एवढंच आपल्या हातात आहे.

दुरुस्तीची घाई

सेलोटेपबद्दल वर सांगितलंच. आधीच लावलेली असेल तर ओढून काढू नका, छपाईचा थर तिच्याबरोबर निघतो. प्लास्टिक आपोआप सुटलं असेल तर उचला, डाग राहू द्या. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही त्यावर लावू नका, शाई पसरते. नवीन फाट असेल आणि सांधायचीच असेल तर पातळ जपानी टिश्यूची बारीक पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरा, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. हात बसला नसेल तर आधी रद्दीतल्या पानावर सराव करा. तेही नको वाटलं तर काहीच करू नका, पिशवीत ठेवा. फाटका अंक पिशवीत वर्षानुवर्षं तसाच राहतो.

लॅमिनेशन कधीही नाही. ते उलटवता येत नाही, आणि आत कोंडलेला कागद आतल्या आत पिकत राहतो.

बाइंडिंगबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्याकडे अंक बांधून घेणं हे जपणुकीचं लक्षण मानलं जातं. मीही बारा अंक एका बाइंडरकडे दिले. बाइंडर नेहमीच्या पद्धतीने तीन बाजूंनी कटिंग मारतो, हे मला माहीत नव्हतं आणि मी कापू नका म्हणून सांगितलंही नव्हतं. दादाने एका अंकाच्या पहिल्या पानाच्या अगदी वरच्या कडेला निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘वाचून परत दे’. खंड हातात आला तेव्हा त्या ओळीची शिरोरेषा आणि अक्षरांचं डोकं कापलं गेलं होतं. काना, उकार, खालची शेपटं उरली होती. दादा आता नाही. ते अक्षर मला अजून वाचता येतं, कारण मला ते पाठ आहे. दुसऱ्या कुणाला येणार नाही.

तुमच्याकडे घरातले जुने बांधलेले खंड असतील तर ते सोडवू मात्र नका. टाके उसवताना पाठीकडची बाजू हमखास फाटते. पूर्वी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. पाठीपाशी हिरवट-निळे डाग दिसले तर ते त्याचे असू शकतात, लगेच बुरशी समजून घासायला घेऊ नका.

पिना गंजल्या असतील तर त्या काढणं योग्य आहे. गंज कागद खातो. अंक मधोमध उघडा, पिनेचे पाय बोथट चाकूच्या टोकाने आतून सरळ करा, बाहेरून अलगद उचला आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. नवी पिन मारू नका.

ठेवण्याच्या जागा

पोटमाळा आणि पलंगाखालची ट्रंक, या आपल्या दोन लाडक्या जागा. पत्र्याखालचा पोटमाळा एप्रिल-मेमध्ये भट्टी होतो आणि ट्रंक जमिनीलगत असते. लोखंडी कपाट चालेल, पण ते बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. अंक उभे ठेवा, प्रत्येकामागे आम्लमुक्त पुठ्ठा ठेवा. साड्यांच्या खोक्याचा साधा पुठ्ठा स्वतःच आम्लधर्मी असतो.

पिशवी उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला तर ती पीव्हीसीची आहे, वापरू नका. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या. डांबरगोळ्या अंकांमध्ये टाकू नका. वास वर्षानुवर्षं जात नाही, श्वासाला त्या वाईट, आणि कसरीचा बंदोबस्त तेवढ्याने होत नाही. वाळलेल्या कडुलिंबाच्या पानांचा चुरा होतो, डाग पडतात. कसर दिसली तर अंक हवाबंद पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं, कागदावर नाही.

अंक भिजले तर

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा मामाच्या घरातली ट्रंक पाण्यात होती. माझ्या लहानपणीचे चाळीस-एक अंक त्यात होते. मी पोचलो तोवर तिसरा दिवस होता. मामीने वाट पाहिली नव्हती. घरात चिखल, वीज नाही, आणि तिने पडवीत दोऱ्या बांधून त्यावर अंक घोड्यावर बसल्यासारखे टाकले होते. जे फार ओले होते त्यांच्या पानांत तिने वहीचे कोरे कागद सरकवले होते आणि दर दोन-तीन तासांनी ती ते बदलत होती. मला ते फार संथ वाटलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तसे मी उरलेले अंक गच्चीवर नेऊन ठेवले. मामी खालून म्हणाली, “अरे, आमसुलं उन्हात घालतात. कागद सावलीत.” मी ऐकलं नाही.

गच्चीवरचे अंक संध्याकाळी पापडासारखे वाकडे झाले होते. मुखपृष्ठाचा गुळगुळीत कागद आधी सुकून आतल्या पानाला चिकटला, आणि मी नख घालून सोडवायला गेलो तिथे रंगच निघाला. मामीचे अंक आजही उघडतात. चिखलाची रेघ आहे त्यांवर, पण वाचता येतात.

तेव्हा ओल्या अंकाची पानं लगेच वेगळी करू नका. ओला न्यूजप्रिंट बोटाला लागून फाटतो. आधी पाणी निथळू द्या, मग थोडी थोडी पानं सोडून कोरे शोषक कागद घाला. छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. सावली आणि वारा हवा, हेअर ड्रायर नको. अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू शकते, म्हणून सगळे एकदम वाळवता येत नसतील आणि वीज असेल तर काही अंक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि सवडीने काढा. बुरशी धरलीच तर पूर्ण सुकल्यावर मास्क लावून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने झाडा.

विकत घेताना

जुन्या पुस्तकांच्या जागा बऱ्याच: मुंबईतलं फाउंटन आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पुण्यातला अप्पा बळवंत चौक, दिल्लीचा दर्यागंजचा बाजार (आता महिला हाटमध्ये). अंक कुठेही मिळाला तरी आधी मधला फर्मा बघा. मधली चार पानं पिनेतून सुटून सगळ्यात आधी हरवतात. मग मागचं पान. कोडी सोडवलेली, कूपन कापलेली आहेत का तेही बघा. कथा मध्येच उडी मारते म्हणून पान गेलंय असं मात्र लगेच धरू नका. वर्तमानपत्रातल्या मूळ चित्रपट्ट्या अंकाच्या पानांत बसवताना संपादक चौकटी कापत. पृष्ठ क्रमांक मोजा.

जुना म्हणून नवा छापलेला अंक गळ्यात मारला जातो, आणि ते ओळखणं वाटतं तेवढं अवघड नाही. भिंगातून बघा: जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ठरावीक जाळीत दिसतात, घरगुती इंकजेटवर ते विस्कटलेले असतात. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर अंक ऑगस्ट १९७२ नंतरचा. किमतीला ₹ हे चिन्ह असेल तर २०१० नंतरचा, मग विक्रेता काहीही सांगो. चांदोबाच्या अंकावर किंमत आण्यांत असेल तर तो १९५७ च्या दशमान नाण्यांआधीचा किंवा त्या सुमाराचा.

क्रमांकांनी फार लोक फसतात. इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत. त्यांच्यासाठी आगाऊ पैसे देऊ नका. पुढे सरळ क्रमांक सोडून खंड आणि अंक अशी पद्धत आली, त्यामुळे यादीत खाडा दिसतो तो खाडा नसतो. अमर चित्र कथेचंही तसंच. तिचा ‘कृष्ण’ अकरावा, कारण आधीचे दहा परीकथांचे होते आणि ते कन्नडमध्ये निघाले होते. राम वाईरकरांनी काढलेल्या त्या ‘कृष्ण’वर ५०१ आकडा दिसला तर ती नंतरची आवृत्ती आहे.

किंमत ठरवताना मागितलेला आकडा धरू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रतीचा धरा. दोन्हींत फार अंतर असतं.

आपलाच अंक शोधताना

लहानपणी वाचलेली गोष्ट नावाने शोधू नका. नाव आपण बहुतेक वेळा चुकीचं लक्षात ठेवतो, आणि एक गोष्ट दोन अंकांत विभागलेली असू शकते. प्रसंग लिहून काढा, मुखपृष्ठाचा रंग लिहा, तेव्हा कितवीत होता ते लिहा. वर्षाचा अंदाज तिथून येतो. इंग्रजी मूळ पट्ट्यांशी ताडून बघत असाल तर एक लक्षात ठेवा: वेताळाच्या देशाचं, आपल्या ‘डेंकाली’चं, मूळ नाव बेंगाली होतं. बंगालशी गोंधळ नको म्हणून इंद्रजालच्या संपादकांनी ते बदललं. गोष्टीतल्या सिंग नावाच्या समुद्री चाच्यांचंही असंच ‘सिंगा’ केलं.

आणि कोरी प्रत मिळाली म्हणून आपली जुनी काढून टाकू नका. नाव लिहिलेलं, वाचनालयाचा शिक्का असलेलं, वेताळाला पेनने मिशा काढलेलं पान खोडरबराने साफ करायला जाऊ नका. ते पान तुमच्याच घरात आहे, दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

डायनाचा चेहरा झाकलेल्या त्या अंकाची स्वच्छ प्रत मला दोन वर्षांपूर्वी मिळाली. चेहरा बघून मी बराच वेळ पान उलटलं नाही. दोन्ही अंक आता कपाटात शेजारी शेजारी आहेत, पण वेगवेगळ्या पिशव्यांत आणि मध्ये पुठ्ठा घालून. टेपचा उरलेला चिकट थर पंचेचाळीस वर्षांनंतरही दुसऱ्या कागदाला लागतो.