फ्रंट लोड मशीनच्या दाराचे रबर बदलताना कोणती हत्यारे खरोखर लागतात

फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या दाराभोवतीचे करडे, घडीदार रबर फाटले की मशीनखाली पाणी साचू लागते आणि मेकॅनिकची वाट पाहणे सुरू होते. थोडे हत्यार हाताळण्याची सवय असलेल्या माणसाला हे काम घरी करता येते. काम अडते ते सहसा रबराला जागेवर धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्यापाशी. या कड्याला एक लहान पण अतिशय ताठ स्प्रिंग असते. साधी पक्कड मूठ दाबली की मिटते, आणि इथे मूठ दाबल्यावर उघडणारे हत्यार हवे असते. खास म्हणावे असे हत्यार या कामात बहुतेक वेळा एवढे एकच असते. म्हणून ऑनलाइन दिसणारे मोठमोठे संच मागवण्याआधी आपल्या मशीनला कोणत्या प्रकारचे कडे आहे ते पाहावे आणि मगच पैसे खर्च करावेत.

सोलापुरात या रबराला त्रास जास्त होतो, हेही लक्षात घ्यावे. उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड सुटत असल्याने अनेक घरांत मशीनचा नळ बोअरच्या टाकीला जोडलेला असतो. बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा पांढरा थर रबराच्या घडीत आणि तळाशी असलेल्या निचऱ्याच्या बारीक छिद्रांत बसतो. त्यात चादरी आणि टॉवेल यांचा सुती तंतू अडकतो, छिद्रे बुजतात, घडीत पाणी साचून राहते, काळी बुरशी धरते आणि रबर तिथेच कुजायला लागते. भिजून जड झालेली चादर ओढून काढताना ती रबराच्या कडेवर घासते, ते वेगळेच.

रबर मागवण्याआधी गळती खरोखर रबरातूनच आहे याची खात्री करावी. साबणाच्या कप्प्यामागचा पाइप सैल असेल, पंपाच्या फिल्टरचे झाकण नीट बसले नसेल किंवा दाराच्या काचेवर क्षारांचा जाड थर असेल, तरीही पाणी पुढच्या बाजूलाच दिसते. टॉर्च घेऊन रबराची प्रत्येक घडी बोटांनी उलगडावी. ब्लाउजचा हुक, सेफ्टी पिन किंवा नाणे यांनी पडलेली चीर बहुधा खालच्या अर्ध्या भागात सापडते. चीर सापडली तर मशीनवरच्या स्टिकरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच क्रमांकाचे रबर मागावे. एकाच कंपनीच्या ६ आणि ७ किलोच्या मशीनची रबरे वेगळी असू शकतात आणि नजरेने तो फरक कळत नाही. नवे रबर हातात आल्यावर जुन्याशी ताडून पाहेपर्यंत जुने टाकून देऊ नये.

कडे ओळखा, मग हत्यार ठरवा

रबराला दोन ओठ असतात. बाहेरचा ओठ मशीनच्या पुढच्या पत्र्याच्या गोल कडेवर बसतो आणि आतला टबाच्या, म्हणजे ड्रमभोवतीच्या पाणी धरणाऱ्या भांड्याच्या, तोंडावर. बाहेरच्या ओठाच्या खाचेत पातळ तारेचे कडे असते आणि त्याची दोन टोके लहान स्प्रिंगने जोडलेली असतात. दार उघडून रबराची पुढची घडी बोटाने मागे सारली की हे कडे दिसते. स्प्रिंग बहुधा खालच्या बाजूला सापडते.

आतले कडे मात्र मॉडेलनुसार बदलते आणि ते पाहण्यासाठी वरचे झाकण किंवा पुढचा पत्रा काढावा लागू शकतो. काही मशीनमध्ये तेही तार आणि स्प्रिंगचेच असते. काहींमध्ये नट-बोल्टने आवळलेले कडे किंवा पट्टा असतो. अशा कड्यासाठी खास पक्कड लागतच नाही. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर किंवा योग्य मापाचे सॉकेट आणि एक्स्टेन्शन पुरेसे असते. काही मशीनमध्ये टबाच्या तोंडाभोवती सलग गोल स्प्रिंगच बसवलेली असते. क्वचित पट्ट्याचा कान दाबून घट्ट केलेला क्लॅम्पही आढळतो. तो एकदा काढला की पुन्हा वापरता येत नाही, म्हणून नवा क्लॅम्प आणि कान दाबण्याची पक्कड दोन्ही आधी हाताशी हवीत.

स्प्रिंग उघडणारी पक्कड

बाजारात या पकडीला डोअर बूट क्लॅम्प प्लायर किंवा गॅस्केट स्प्रिंग टूल म्हणतात. तिच्या जबड्यांच्या टोकांना खाचा किंवा आत वळलेले आकडे असतात. ही टोके स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना तारेच्या वळशात अडकवून मूठ दाबली की जबडे एकमेकांपासून दूर जातात, स्प्रिंग ताणली जाते आणि कड्याचा घेर वाढतो. विकत घेताना ती रिकामीच दोन-चार वेळा दाबून पाहावी. दाबताना जबडे एकमेकांच्या रेषेतून बाजूला सरकत असतील तर तिच्यावर भरवसा ठेवू नये, कारण ताणलेली स्प्रिंग अशाच वेळी निसटते. उघडलेल्या स्थितीत अडकून राहणारी दातेरी अडणी असलेली पक्कड थोडी महाग पडते, पण एकट्याने काम करणाऱ्याने तीच घ्यावी. तार खाचेत ढकलायला दुसरा हात मोकळा राहतो.

साध्या हार्डवेअरच्या दुकानात ही पक्कड मिळेलच असे नाही. मोटारी आणि दुचाकी दुरुस्त करणाऱ्यांकडे सर्क्लिपची, म्हणजे शाफ्टवर किंवा छिद्रात बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कडीची, पक्कड मात्र असते. ती दोन प्रकारची येते. छिद्रातल्या सर्क्लिपची पक्कड दाबल्यावर मिटते, ती इथे निरुपयोगी. शाफ्टवरच्या, म्हणजे बाहेरच्या सर्क्लिपची पक्कड दाबल्यावर उघडते, तीच मागावी. तिच्या टोकाच्या सुया स्प्रिंगच्या वळशात शिरत असतील तर काम होऊन जाते. पण त्या सुया बारीक असतात, ताठ स्प्रिंगखाली वाकतात आणि कधी निसटतात. घरातल्या एकाच मशीनचे रबर एकदा बदलायचे असेल तर सर्क्लिपच्या पकडीवर निभावून न्यावे, खास पक्कड घेण्याची गरज नाही. इमारतीतल्या चार घरांची मशीन हाताखालून जाणार असतील तर मात्र खास पकडीचे पैसे वसूल होतात. कोणतीही पक्कड वापरली तरी डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा, कारण उडालेली स्प्रिंग थेट तोंडाच्या उंचीवर येते.

स्प्रिंग सोडवण्यासाठी आकडा लागतो आणि तो विकत घेण्याची गरज नाही. सायकलचा जुना स्पोक घ्यावा. त्याच्या डोक्याकडचे टोक मुळातच काटकोनात वळलेले असते. डोक्याचा चपटा भाग कानशीने घासून काढावा, वळण आणखी थोडे आत घेऊन सुमारे ५ मिलिमीटरचा आकडा करावा आणि त्याचे टोक पॉलिश पेपरने गोल करावे. हे शेवटचे काम टाळू नये. टोकदार आकडा नव्या रबरात घुसला की सगळी मेहनत वाया जाते. दुसरे टोक लाकडी मुठीत ठोकावे, नाहीतर जोर लावताना तार तळहातात रुतते.

रबराचा ओठ उचलायला चपटे स्क्रू ड्रायव्हर वापरण्याचा मोह होतो, पण त्यांच्या धारेने ओठ कापला जातो. मोटारीच्या आतले प्लास्टिक उचकटण्यासाठी येणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्या उत्तम. त्या नसतील तर स्टीलच्या चमच्याचा गुळगुळीत दांडा चालतो. पुढचा पत्रा आणि दाराचे लॉक काढायला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, टी२० किंवा त्या मापाजवळचा टॉर्क्स (तारेच्या आकाराच्या टोकाचा) बिट आणि ७, ८ व १० मिलिमीटरची सॉकेट ठेवावीत. बिट चुंबकाचा असावा, कारण टबाच्या फटीत पडलेला स्क्रू शोधणे हे रबर बदलण्यापेक्षा मोठे काम होऊन बसते.

जुने रबर काढणे

आधी प्लग काढावा, नळ बंद करावा आणि पंपाच्या फिल्टरमधून उरलेले पाणी परातीत सोडावे. प्लग काढल्यावरही कंट्रोल बोर्डावर काही वेळ विजेचा भार राहू शकतो, म्हणून बोर्डाला हात लावू नये. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घालावेत. आतील जड वजनांमुळे ही मशीन साधारण ६० किलोच्या आसपास भरतात, तेव्हा ती पुढे ओढायला दुसरा माणूस हवा.

दार उघडून बाहेरच्या कड्याच्या स्प्रिंगची जागा मोबाइलने टिपून घ्यावी. रबराच्या माथ्यावर सहसा त्रिकोणी खूण असते आणि टबाच्या तोंडावरही जोडीची खूण असते. दोन्हींचा फोटो घ्यावा. मग आकडा स्प्रिंगखाली घालून ती स्वतःकडे ओढावी, तार खाचेतून वर येते आणि कडे हातात येते. बाहेरचा ओठ पत्र्यावरून सोडवून ड्रमच्या आत ढकलावा. पुढचा पत्रा काढायचा असल्यास दाराच्या लॉकचे दोन स्क्रू काढून त्याची वायर मागून सोडवावी. वायर धरून ओढू नये, प्लास्टिकची जोडणी दाबून सोडवावी. आतले कडे सैल करून रबर वरच्या बाजूने सोडवत खाली यावे.

रबर निघाल्यावर टबाच्या तोंडाची खाच नीट पाहावी. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या मशीनमध्ये तिथे क्षारांचा खरखरीत थर असतो. तो तसाच राहिला तर नवे रबर पहिल्या दिवसापासून गळते. पाण्यात विरघळवलेले सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर लावलेले फडके काही वेळ त्या कडेवर ठेवावे आणि जुन्या टूथब्रशने घासावे. लोखंडी ब्रशने प्लास्टिकच्या टबावर ओरखडे पडतात आणि पाणी त्याच ओरखड्यांतून वाट काढते.

नवे रबर बसवणे

ही रबरे बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात. पाणी आणि साबण त्यांना सोसते, तेल सोसत नाही. खोबरेल, ग्रीस किंवा मशीनचे तेल लावले तर रबर सुरुवातीला सहज सरकते, पण पुढे फुगते आणि सैल पडते. भांडी घासण्याचे लिक्विड पाण्यात पातळ करून ओठावर लावावे, तेवढे पुरते. डिसेंबर-जानेवारीत रबर ताठर असते, तेव्हा ते कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून घ्यावे. मे महिन्यात सोलापुरात त्याची गरज भासत नाही.

माथ्याची खूण टबाच्या खुणेशी जुळवून आतला ओठ वरून बसवायला सुरुवात करावी आणि दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंना खाली यावे. निचऱ्याची छिद्रे बरोबर तळाशी आली पाहिजेत. सायकलच्या रिमवर टायर चढवताना शेवटचा वीतभर भाग जसा हट्ट धरतो, तसेच इथे होते. त्या ठिकाणी जोर लावण्याऐवजी आधी बसलेला भाग पुन्हा दाबून घ्यावा, म्हणजे खाली थोडी सैल मिळते. ओठ पूर्ण बसल्यावर कडे चढवावे. बोल्टचे कडे असेल तर ओठ बोटाने हलेनासा होईपर्यंतच आवळावे, कारण जास्त आवळल्यास तार ओठात रुतते. सलग गोल स्प्रिंग असेल तर ती वरून बसवत यावे आणि शेवटच्या भागाला नायलॉनची मजबूत नाडी गुंतवून ती बाहेर ओढत खाचेत सोडावी, म्हणजे बोटे अडकत नाहीत.

पुढचा पत्रा आणि लॉक परत बसवण्याआधी एक चाचणी करावी, कारण नंतर दोष सापडला तर सगळे पुन्हा उघडावे लागते. फिल्टर बंद असल्याची खात्री करून टबात हळूहळू पाणी ओतावे, पातळी आतल्या ओठाच्या तळाला लागेल इतके, आणि टॉर्चने टबाच्या तोंडाखालची बाजू पाहावी. एक थेंब जरी दिसला तरी कडे सैल करून तेवढा भाग पुन्हा बसवावा. जोडावर सिलिकॉनचे सीलंट फासण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. ओठ जागेवर बसलेला नसेल तर सीलंट काही धुण्यांपुरते साथ देते आणि पुढच्या वेळी रबर सोडवणे अवघड करून ठेवते.

आता पत्रा बसवून बाहेरचा ओठ त्याच्या कडेवर चढवावा. तो घसरू नये म्हणून कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे चार-पाच ठिकाणी लावावेत. तारेचे कडे वरून खाचेत घालत यावे, स्प्रिंग मूळ जागी येऊ द्यावी आणि तिथे पकडीची टोके अडकवून मूठ सावकाश दाबावी. घेर पुरेसा मोठा झाला की उरलेली तार दुसऱ्या हाताने खाचेत ढकलावी, चिमटे काढावेत आणि मगच मूठ सोडावी. मूठ झटक्याने सोडली तर तार खाचेबाहेर उडी मारते. नंतर खाचेवरून बोट फिरवत एक पूर्ण फेरी घ्यावी. तार जिथे वर उचललेली लागेल तिथे चमच्याच्या दांड्याने दाबून बसवावी.

पहिली फेरी रिकामी, फक्त खंगाळण्याची लावावी. मशीनखाली जुने वर्तमानपत्र पसरावे, त्यावर थेंब लगेच उमटतो आणि गळती कोणत्या बाजूची आहे तेही कळते. ओल अगदी पुढच्या कडेला असेल तर दोष बहुधा बाहेरच्या कड्यात किंवा काचेवरच्या थरात असतो. ती मशीनच्या मध्याकडे असेल तर आतला ओठ पुन्हा पाहावा लागतो. कपडे भरताना पहिल्या धुण्याला चादरी टाळाव्यात आणि हलके कपडे टाकावेत. स्पिनच्या वेळी रबर काचेवर सरळ टेकते आहे का, दुमडून आत ओढले जाते आहे का, हे काचेतून दिसते. दुमडलेले दिसले तर माथ्याची खूण सरकली आहे असे समजावे आणि दोन्ही कडी सोडवून रबर तेवढे फिरवून घ्यावे.